लांबी भरणारा नाथा

ठाण्यात माजिवड्याला एक नवी बिल्डिंग उभी राहत होती, तेव्हाची गोष्ट. पस्तीस वर्षं तरी झाली असतील. तिसऱ्या मजल्यावर कमळाबाई भिंतीला पॉलिश पेपर मारत होती. डोक्याला फडकं, नाकावर पदर, पापण्यांवर पांढरी पूड. शेजारच्या खोलीत तिचा नवरा नाथा केणे आणि कंत्राटदार जयेश शेठ यांची जुंपली होती. मधली भिंत चार इंचाची. ऐकायचं नाही म्हटलं तरी कानांना कुठं दार असतं?

"अरे भर ना लांबी, बघतो काय नुसता?"

"शेठ, इथं पोकळ बोलतंय." टक टक टक. "हे ऐका. आन आता हे ऐका." टक टक. "प्लास्टर आतून सुटलंय. लांबी धरनार नाय. फोडून परत करायला लागंल."

"रविवारी लोक येणार आहेत घर बघायला. त्यांना काय विटा दाखवू?"

"मंग रविवार झाल्यावर..."

"नाथा, तुला भरायला ठेवलाय. ठोकायला नाय ठेवलेला. ठोकायची हौस असंल तर भजनात जा, पखवाज घे."

दोन-चार जण हसले. आणि मग कमळाबाईला ओळखीचा आवाज आला, लोखंडी पट्टी भिंतीवरून सरकल्याचा. सर्र, सर्र. नाथा लांबी भरत होता.

रंग द्यायच्या आधी भिंतीतल्या भेगा आणि खड्डे बुजवायला जो लगदा भरतात, त्याला रंगारी लांबी म्हणतात. आता तयार पुट्टीची गोणी मिळते, पाणी घातलं की झालं. तेव्हा खडूची पूड आणि जवसाचं तेल घेऊन हातानं मळायला लागायची, आणि मळायचं काम कमळाबाईचं. ती मळायची, नाथा भरायचा, सुकली की परत तीच घासायची. नवरा-बायकोचा संसार असा त्या लांबीच्या मागं-पुढं चाललेला. भाकरी करपली तर नाथा गुपचूप खायचा, पण लांबीत एक गुठळी आली की तोंड फुगवून बसायचा.

त्या खोलीतली भिंतही कमळाबाईनंच घासली. दोन महिन्यांनी तिथं माणसं राहायला आली. एका दुपारी त्या घरातली बाई खाटेवरून चहा ठेवायला उठली, आणि ती उठली त्याच जागी भिंतीचा वरचा तुकडा पडला, परातीएवढा. लागलं कोणालाच नाही. नाथा आणि कमळाबाई खाली दुसऱ्या विंगेत काम करत होते. ती बाई केसांत धूळ घेऊन जिना उतरून आली आणि हातातला तुकडा पुढं करून म्हणाली, "हे तुमचंच ना?"

ओरडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. एवढंच विचारलं आणि परत वर गेली.

तुकड्याची एक बाजू खडबडीत सिमेंट, दुसरी पांढरी. कमळाबाईच्या मनात पहिलं काय आलं असेल, तर किती गुळगुळीत घासलंय आपण! त्याची तिला अजून लाज वाटते.

नाथा त्यावर कधी एक शब्द बोलला नाही. पण तेव्हापासून माणसाला ठोकायची खोड लागली ती लागलीच. दुसऱ्याचं घर रंगवायला गेला की आधी पट्टीच्या दांड्यानं सगळी भिंत वाजवून बघणार. जिथं वाजेल तिथं खडूनं गोल करणार. घरमालक हैराण. बाजारात कलिंगड ठोकतात सगळेच, हा भोपळाही ठोकायचा, माठ ठोकायचा, सोयरिकीला गेला तर पोराच्या घराची भिंतही हळूच वाजवून यायचा. "एक दिवस मना पन ठोकून बघ," कमळाबाई म्हणायची. तो म्हणायचा, "तू लय भरीव हायस. हात दुखंल माझा."

तर ती भरीव कमळाबाई साठी ओलांडल्यावर आतून पोकळ निघाली. दोन्ही किडन्यांनी काम सोडलं. डॉक्टरनं कागदावर दोन शेंगा काढून दाखवल्या आणि त्यांवर काट मारली. तिला वाटलं होतं, असं काही ऐकलं की माणूस रडतं. ती तो कागद घडी घालून पिशवीत ठेवत बसली.

मग मंगळवार, गुरुवार, शनिवार सुरू झाले. कल्याणला एका ट्रस्टचं डायलिसिसचं सेंटर आहे, तिथं चार तास हातात सुया घालून पडायचं. रक्त बाहेर जातं, धुऊन परत येतं. पहिले दोन महिने ती त्या नळ्यांकडे बघायची. मग छताकडे बघायला लागली. छताला एका कोपऱ्यात लांबी नीट घासलेली नव्हती, फुगवटा तसाच ठेवून वर रंग मारला होता. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास, तिनं तो फुगवटा बघितला. जेवणाची चव गेली, सणावाराची गेली. आनंद नाही, तसं दुःखही नाही. चेहऱ्यावर कुणीतरी एक हात पुट्टीचा मारून ठेवल्यासारखं, आत काही हललं तरी वर उमटायचं नाही.

डोंबिवलीच्या कडेला भोपर गावात, जिथं हे लोक राहतात, तिथून एकूण नऊ माणसं त्या सेंटरला जायची. ट्रस्टची गाडी नाक्यावर यायची, नयन नावाचा मुलगा ती चालवायचा. पण गेल्या वर्षी सेंटरनं नवी पद्धत काढली. आदल्या दिवशी सकाळी दहाच्या आत फोनवर त्यांच्या वेबसाइटचं पान उघडायचं, पेशंटचा नंबर टाकायचा आणि "येणार" हे बटन दाबायचं. दाबलं नाही तर त्या दिवसाचं मशिन दुसऱ्याला. लोक न सांगता गैरहजर राहायचे, मशिन रिकामं पडायचं, म्हणून असं. त्यात चुकीचं काही नव्हतं. फक्त सकाळी दहाच्या आत गावात घरोघरी कोण असतं? पोरं, सुना कामावर, आणि त्यांच्याबरोबर त्यांचे फोनही. घरी राहिलेलं म्हातारं माणूस त्या पानाला दुरूनच हात जोडतं.

सुरुवातीला कमळाबाईचं बटन तिचा मुलगा केतन दाबायचा. त्याची शिफ्ट बदलली आणि ते काम नाथाकडे आलं. नाथाकडे बटनांचा फोन, पण त्यात इंटरनेट चालायचं. काचेचा फोन त्याला नको होता असं नाही, काचेला नाथा नको होता. चाळीस वर्षं चुना, लांबी आणि पॉलिश पेपर हाताळून बोटांची टोकं अशी झालेली की काच त्यांना ओळखायचीच नाही. दाबून दाबून थकायचा, फोन ढिम्म.

एकदा तो कमळाबाईचं बटन दाबत होता तेव्हा शेजारचे हिराजी म्हणाले, "नाथा, माझं पन टाक रं." मग पलीकडच्या आळीतल्या चित्राच्या आईनं सांगितलं. चित्रा बत्तीस वर्षांची, नऊ जणांत सगळ्यांत लहान. असं करत नऊच्या नऊ नाथाच्या अंगावर आले. सोमवार, बुधवार, शुक्रवार, आठ वाजले की तो निघायचा. प्रत्येक दारावर तीनदा ठोकायचं. टक टक टक. "उद्या येनार ना?" आतून हो आलं की पुढचं दार. कोणी लग्नाला चाललेलं असायचं, कोणी दवाखान्यात भरती, म्हणून विचारल्याशिवाय तो दाबायचा नाही. घरी आला की ओट्यावर बसून एकेक नंबर टाकायचा. नऊ नंबर त्यानं दाराशेजारच्या भिंतीवर रंगाऱ्याच्या पेन्सिलीनं लिहिले होते. सुनेनं, निशानं, नुकताच तिथं गुलाबी रंग दिलेला. तिनं त्या दिवशी भांडी जरा जोरात लावली.

एका सोमवारी त्यानं पान उघडलं तर पांढरं. नुसतं पांढरं. नंबर टाकायला चौकोनही नाही. त्यानं फोन बंद करून चालू केला. पांढरंच. टेकडीवर देवळापर्यंत चढून बघितलं, कधी कधी तिथं रेंज चांगली मिळते. पांढरंच. साडेदहा वाजले. तो घरी आला आणि म्हणाला, "नेटवर्क नसंल. दिसत नसलं तरी गेलं असंल."

कमळाबाई म्हणाली, "असंल."

मंगळवारी सकाळी नाक्यावर नऊ माणसं उभी. प्रत्येकाच्या हातात पिशवी, पिशवीत चादर, कारण सेंटरला एसीची फार थंडी. नयननं गाडी थांबवली, कागद बघितला, परत बघितला.

"काकी, तुमचं नाव नाय लिस्टमधे."

"माझं?" हिराजी म्हणाले.

"कोणाचंच नाय, काका. भोपरचं एक पण नाव नाय. मी आपला रोजच्यासारखा आलेलो."

"मंग बसव ना गाडीत. तिथं बघू."

"बसवतो, पण मशिन दुसऱ्यांना दिलेत हो. फोन करून विचारतो, थांबा." त्यानं फोन केला. बोलता बोलता त्याचा आवाज उतरत गेला. नऊ माणसं त्याच्या तोंडाकडे बघत होती. चित्रा दुकानाच्या पायरीवर बसली. नाथा बाजूला उभा होता, हात खिशात, खिशात तो फोन. कमळाबाईला दिसत होतं की तो खिशातल्या खिशात फोनवर बोट वाजवतोय.

त्या दिवशी कोणी गेलं नाही. डायलिसिस एक दिवस पुढं गेला की काय होतं ते बाहेरच्या माणसाला सांगून कळत नाही. अंगातलं पाणी अंगातच राहतं. पाय फुगतात, आडवं झालं की श्वास लागतो. कमळाबाई दुपारभर उशांना टेकून बसून राहिली. पायाला बोट लावलं की खड्डा पडायचा आणि तसाच राहायचा. ती तो खड्डा बघत बसली. कोणाच्या तरी दुसऱ्याच बाईचा पाय असावा, तसं.

संध्याकाळी नात कामावरून आली. प्राप्ती, केतनची मोठी. वागळे इस्टेटमध्ये एका ऑफिसात वेबसाइट बनवायचं काम करते. ज्या वागळे इस्टेटमध्ये आजानं कारखान्यांच्या भिंती रंगवल्या, तिथंच आता ही काचेच्या भिंतीमागं बसते. चपला काढता काढताच तिनं आजीचे पाय बघितले.

"आजी, हे काय? आज गेली नाहीस?"

"नाव नव्हतं लिस्टमधे."

"असं कसं? बाबा दाबतो ना तुझं बटन?"

"तुझ्या बापाची शिफ्ट बदलली. तुझा आजा दाबतो. माझं, आन गावातल्या आठ जनांचं." कमळाबाईनं भिंतीवरच्या नंबरांकडे हनुवटी केली. "तुना काय वाटलं, तो भिंतीवर हिशेब लिहितो?"

प्राप्तीनं आजाच्या हातातून फोन घेतला. पान उघडलं. पांढरं. ती दारातच खाली बसली.

"आजा," ती म्हणाली, "हे मी केलं."

मग तुटक तुटक बोलत सगळं सांगितलं. सेंटरचं ते पान तिच्याच ऑफिसनं बनवलेलं. महिन्यापूर्वी ते काम तिच्याकडे आलं होतं. शनिवारी तिनं त्यातला एक तुकडा काढून टाकला. पॉलिफिल.

"म्हंजे?" नाथानं विचारलं.

"पान लिहिताना आम्ही नवीन नवीन गोष्टी वापरतो. फोनातलं जे पान उघडून दाखवतं ना, ब्राउझर, ते नवीन फोनात नवीन असतं, त्याला सगळं येतं. तुझ्या फोनातलं जुनं आहे. त्याला काही गोष्टी येतच नाहीत. मधे तशी एक गोष्ट आली की ते अडकतं आणि पुढचं काही दाखवतच नाही. म्हणून आम्ही आधीच एक छोटा तुकडा लिहून ठेवतो. तो तुकडा ब्राउझरला विचारतो, तुला हे येतं का? येत असेल तर गप्प बसतो. येत नसेल तर तेवढीच उणीव भरून काढतो."

"म्हंजे आधी ठोकून बघतो," नाथा म्हणाला.

प्राप्तीनं वर बघितलं. "हो. तसंच."

"नाव कोनी ठेवलं असलं?"

"आजा, आत्ता ते कशाला..."

"सांग गं."

तिनं ओढणीनं नाक पुसलं. "एका इंग्रज माणसानं. पंधरा-सोळा वर्षं झाली. पुस्तक लिहीत होता, त्याला ह्या तुकड्यांसाठी शब्द हवा होता. शिम असा एक शब्द आधी होता."

"शिम मना ठाव हाय. मशिन डुगडुगायला लागलं की फिटर पायाखाली पत्र्याची चीप सरकवायचे."

"हां, तेच. पण त्याला ते पटत नव्हतं. शिम घातली की ती वेगळी गोष्ट राहते, आपल्याला तिच्या पद्धतीनं वागायला लागतं. ह्याला असं काहीतरी हवं होतं की एकदा भरलं की वरून सगळं सपाट. आत भरलंय हे विसरून काम करायचं. तेव्हा त्याला त्यांच्याकडची लांबी आठवली. इंग्लंडमधे पॉलिफिला म्हणून मिळते, लोक घरी भिंतीच्या भेगा भरतात तिनं. त्यात पॉली म्हणजे अनेक, आणि भरायच्या तऱ्हाही अनेक. म्हणून पॉलिफिल."

नाथानं मान डोलावली. "त्याच्या घरात कोन तरी रंगारी असनार."

"नायतर बायकोनं भिंत भरायला लावली असंल सुट्टीच्या दिवशी," कमळाबाई म्हणाली.

कोणी हसलं नाही. ती सवयीनं बोलली होती.

"मंग चांगलं भरलेलं काढलंस कशाला?" नाथानं विचारलं. आवाजात राग नव्हता. भाव विचारावा तसं विचारलं.

"ते कायमचं ठेवायचं नसतं, आजा. जुने फोन संपत आले की काढतात. नाहीतर पान जड होतं, सगळ्यांनाच ते उतरवून घ्यावं लागतं. आमच्या सलिल सरांनी सांगितलं, मोज आणि काढ. मी मोजलं. अख्ख्या महिन्यात जुना फोन..." ती थांबली. "एकच होता. हजारात एक फोन. मला वाटलं, एक माणूस काय, घेईल नवीन."

"तो मी."

"हो."

"आन फोन मोजलास. त्या फोनातून नंबर किती गेले, ते नाय मोजलंस."

प्राप्तीनं फोन खाली ठेवला.

"काढायच्या आधी ठोकून बघायचं व्हतंस," नाथा म्हणाला. मग भिंतीकडे बघत म्हणाला, "मी तरी कुठं बघितलं. पांढरं दिसलं आन मी म्हनलं, झालं असंल. परत तेच केलं मी."

परत म्हणजे कधी ते प्राप्तीला कळलं नाही. कमळाबाईला कळलं. पस्तीस वर्षांत तो त्याबद्दल पहिल्यांदा बोलला, आणि ती फुगलेल्या पायांवर चादर ओढत राहिली.

प्राप्तीनं हात-पाय न धुताच पिशवीतून लॅपटॉप काढला आणि तो तुकडा होता तिथं परत लावला. कोणाला विचारलं नाही. मग सेंटरला फोन लावले, चार वेळा, पाचव्यांदा कोणीतरी उचलला. बुधवारच्या शेवटच्या पाळीत आठ जणांना घेतलं. आठच, कारण चित्राला बुधवारी पहाटेच श्वास लागला आणि मोठ्या दवाखान्यात न्यावं लागलं. तिथं ती चार दिवस होती. परत आली. आवाज खोल गेलेला, पण आली.

बुधवारी रात्री प्राप्ती ओट्यावर सलिल सरांशी फोनवर बोलत होती. कमळाबाई नुकतीच सेंटरवरून येऊन आत पडली होती. मधली भिंत चार इंचाची. आणि प्राप्तीनं फोन स्पीकरवर ठेवलेला, कारण तिचे हात लॅपटॉपवर होते.

"प्राप्ती, ते परत कोणी टाकलं?"

"मी टाकलं, सर."

"न विचारता? आपण ठरवलेलं ना काढायचं? एका फोनसाठी सगळ्यांचं पान हळू करायचं? त्यापेक्षा त्या माणसाला नवीन फोन घेऊन द्या."

"आणला, सर. आज दुपारी हाफ डे घेऊन आणला. त्यांचं बोट लागत नाही काचेला."

"म्हणजे?"

"लागत नाही म्हणजे लागत नाही. रंगारी होते ते. सर, एक फोन आहे, पण माणसं नऊ आहेत. त्यातली एक हॉस्पिटलमधे आहे. मी फोन मोजलेले."

कमळाबाई आतून ऐकत होती. आता तो म्हणणार, तुला काढायला ठेवलंय. आता ही गप्प बसणार. आता सर्र, सर्र. तिला त्या वेळी नेमकं काय वाटत होतं, हे तिला नंतरही सांगता आलं नाही. फक्त चादरीचं टोक तिनं मुठीत धरलं होतं, आणि ते मुठीत आहे हे बऱ्याच वेळानं कळलं.

"मी काढणार नाही ते, सर," प्राप्ती म्हणाली. "तुम्हाला काढायचं तर काढा, आणि मलाही काढा."

"ड्रामा नको करू," सलिल म्हणाला. मग म्हणाला, "नऊ?"

"नऊ."

"हं. राहू दे. पण तिथं वर लिहून ठेव कशासाठी ठेवलंय. उद्या तू नसलीस की दुसरं कोणीतरी येईल आणि मोजेल."

प्राप्तीनं लिहून ठेवलं. अशा तुकड्यांच्या वर माणसांनी वाचायच्या ओळी लिहिता येतात, मशिन त्या वाचत नाही. तिनं आजीला वाचून दाखवलं: हे भोपरच्या नाथा केणे यांच्या फोनसाठी आहे. फोन एक, माणसं नऊ. काढायच्या आधी त्यांना विचारा.

"आन मी नसलो तर कोनाला विचारतील?" नाथा म्हणाला.

"आजा, गप रे."

त्यानंतर आठ महिने काही झालं नाही, आणि त्या घरात काही न होणं हीच मोठी गोष्ट होती. नाथा सोमवार, बुधवार, शुक्रवार जात राहिला. एकच बदल झाला. नऊ नंबर टाकून झाले की तो पान बंद करायचा, परत उघडायचा आणि एकेक नंबर पुन्हा टाकून बघायचा, त्याच्यापुढं हिरवं "येणार" दिसतंय ना. सगळं दोनदा. निशा म्हणायची, "बाबा, एकदा दिसलं ना?" तो म्हणायचा, "दिसतं सगळंच, पोरी."

मधे हिराजी गेले, झोपेतच. नऊचे आठ झाले.

आणि मग एका शुक्रवारी दुपारी नाथा ओट्यावर भिंतीला टेकून बसला होता तो तसाच बसून राहिला. कमळाबाई आत डाळ निवडत होती. चहाला हाक मारली, आला नाही. बाहेर येऊन तिनं बघितलं, आणि का कोण जाणे, पहिल्यांदा दाराच्या चौकटीवर बोटानं ठोकलं. टक टक टक. मग केतनला हाक मारली.

संध्याकाळपर्यंत सगळं उरकलं. बायका रडत होत्या, ती त्यांना पाणी द्यायला सांगत होती. डाळ सुपातच राहिलीय, पाखरं खातील, एवढंच डोक्यात येत होतं.

शनिवारी सकाळी नाक्यावर गाडी आली. आळीतल्या बायका म्हणाल्या, आज कशी जाशील, आज राहू दे. पण नयन स्वतः दारापर्यंत आला, चपला बाहेर काढून उभा राहिला. हातात लिस्ट होती. "काकी, भोपरची आठ नावं आहेत," एवढंच म्हणाला, आणि कागद बघत राहिला.

कमळाबाईनं पिशवीत चादर घातली आणि निघाली. नाव नाथानं टाकलेलं होतं. चार तास ती छताचा फुगवटा बघत पडली. सोमवारी सकाळी त्याच ओट्यावर, तोच फोन घेऊन प्राप्ती बसणार होती, भिंतीवरचे नंबर बघून.

त्या शुक्रवारची सकाळ मात्र कुठल्याही शुक्रवारसारखी होती. आठ वाजता नाथानं पायात चपला सरकवल्या. कमळाबाई चूल-ओटा पुसत होती. "येतो गं," म्हणाला. तिनं मान वर केली नाही. बाहेर त्याचं ठोकणं ऐकू येत होतं, आधी जवळून, मग लांबून. टक टक टक. उद्या येनार ना? हिराजींच्या दारावरही सवयीनं हात गेला, आतून सून म्हणाली, "काका, ते नाय येनार आता," आणि तो म्हणाला, "हो की गं," आणि पुढं गेला. चित्राच्या दाराशी जरा जास्त थांबला, कारण चित्रा हळू बोलायची.

मग ओट्यावर बसला. भिंतीवरचा एकेक नंबर बघून टाकला, हिराजींचा सोडून. पान बंद केलं, परत उघडलं, परत आठही बघितले. शेवटचा कमळाबाईचा.

"झालं तुझं," त्यानं आत ऐकू जाईल असं सांगितलं, आणि फोन दोरीनं खिळ्याला अडकवून ठेवला.